कुंतीची तक्रार, कर्णाचं उत्तर

माझी नात अमेरिकेला निघाली तेव्हा वाईत आमच्या आळीत जो तो एकच म्हणत होता, पोरीनं नशीब काढलं. काही जणींनी माझ्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, मोठं पुण्य पदरात पडलं गं तुझ्या. दोन्ही बोलणी मायेपोटीची. पण मला ती दोन्ही पटत नाहीत, आणि का पटत नाहीत ते सविस्तर सांगावं म्हणून लिहायला बसले आहे. दत्तक घेतलेल्या मुलाला परदेशी नेताना आपण जे सहज बोलून जातो, त्याच्या तळाशी एक फार जुना प्रश्न आहे. मूल कुणाच्या मालकीचं असतं का? नसेल, तर देणारा काय देतो, घेणारा काय घेतो, आणि ते उचलून दुसऱ्या देशात नेण्याचा अधिकार कुणाला कुठून मिळतो?

आधी थोडी हकिगत. मुलगी आणि जावई न्यू जर्सीत राहतात, दोघंही आता तिथले नागरिक आहेत. नात तीन वर्षांची, मराठवाड्यातल्या एका संस्थेत वाढलेली. तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही. अशा मुलासाठी आधी देशातल्या देशात घर शोधतात, ते मिळालं नाही तरच परदेशातल्या पालकांचा विचार होतो. त्या एका कानापायी तिला इथे घर मिळालं नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि ते वाईट वाटणं नात घरी आल्याच्या आनंदात विरघळून गेलेलं नाही. आदेश निघेपर्यंत सांभाळायला म्हणून ती आमच्याकडे वाईला होती. पुढे तिला घेऊन मुलगी-जावई निघाले तेव्हा सोबत मीही गेले. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. ते कुठे छापायचं आणि कुठे नाही, हे मोठेपणी तिनं ठरवायचं आहे.

मी शाळेत संस्कृत शिकवलं. त्यातून वाईची. केवलानंद सरस्वतींचा मीमांसाकोश ज्या गावात सिद्ध झाला, तिथे आयुष्य काढलेल्या माणसाला अशा वेळी मीमांसा आठवतेच. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात विश्वजित यज्ञाची चर्चा आहे. या यज्ञात यजमानानं आपलं होतं नव्हतं ते सगळं देऊन टाकायचं असतं. मग शंका निघते, की आईबापही आपलेच म्हणतो, तेही द्यायचे का? उत्तर असं, की ज्याच्यावर आपली सत्ता चालते तेच देता येतं. नात्याची माणसं त्यात येत नाहीत. लगेच पुढची शंका जमिनीची. सार्वभौम राजा हा यज्ञ करत असेल, तर त्यानं पृथ्वी देऊन टाकायची का? तिथेही नकार. पृथ्वीवर सगळ्यांचा सारखाच हक्क. भाष्यकार शबरस्वामी म्हणतात, राजा रक्षण करतो म्हणून पिकाच्या काही वाट्यावर त्याचा अधिकार चालतो, भूमीवर नाही. याज्ञवल्क्यस्मृतीनंही दानाचा नियम सांगताना बायको आणि मुलगा यांना वगळलं आहे.

मग दत्तकाचा विधी शास्त्रात बसवायचा कसा, यावर पुढच्या निबंधकारांनी पुष्कळ खल केला. त्या खलात मला जायचं नाही. मला त्या सहाव्या अध्यायातून एवढंच उचलायचं आहे, की राजाचा पृथ्वीशी जो संबंध, तोच आईबापांचा मुलाशी. रक्षण करायचं, आणि त्यापोटी जो काही सहवास, जो काही आनंद वाट्याला येईल तो घ्यायचा. जन्म देणाऱ्यांनाही हेच लागू आहे आणि दत्तक घेणाऱ्यांनाही. एकदा हे मान्य केलं की पुण्याची भाषा आपोआप गळून पडते. दान असेल तिथे पुण्य. इथे दानच झालेलं नाही. एका रक्षकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती कर्तव्य आलं.

निघण्याआधी घरी छोटी पूजा केली. दत्तहोमाची कायद्याला गरज नाही, १९५६ च्या दत्तकाच्या कायद्यातच तसं स्पष्ट म्हटलं आहे, आणि आम्हीही तो केला नाही. गुरुजी माझेच जुने विद्यार्थी. संकल्प सांगताना नातीच्या जन्माच्या गोत्रापाशी अडखळले, मग म्हणाले, "बाई, माहीत नसेल तिथे काश्यप म्हणतात. तसं म्हणू, आणि यापुढे जावयांचं गोत्र." पूजा आटोपल्यावर चहा घेताना त्यांनी विषय काढला. "आपल्याकडे चालतो तो व्यवहारमयूख. त्यात नीलकंठ भट्ट मुलगी दत्तक घेऊ देत नाहीत. पण काशीचे नंदपंडित दत्तकमीमांसेत चालते म्हणतात. दाखलेही देतात, दशरथाची शांता आणि शूराची पृथा."

पृथा म्हणजे कुंती. मी त्यांना म्हटलं, "अरे, कुंतीचा दाखला द्यायचा तर कुंती स्वतः त्यावर काय बोलली तेही वाचायला हवं."

ते उद्योगपर्वात आहे. कृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापुरात आला आहे. कुंती विदुराच्या घरी राहते. मुलं वनवासात आणि अज्ञातवासात तेरा वर्षं काढून आलेली, त्यांची तोंडं तिनं पाहिलेली नाहीत. भाच्याला पाहून तिचा बांध फुटतो. एकेका मुलाची, द्रौपदीची चौकशी करते. आणि मग भलतंच बोलते. म्हणते, मी दुर्योधनाला दोष देत नाही, स्वतःलाही देत नाही, दोष देते तो माझ्या बापाला. मी लहान होते, हातात चेंडू घेऊन खेळत होते, तेव्हा तुझ्या आजोबांनी मला उचलून आपल्या मित्राला देऊन टाकलं, पैसा द्यावा तसं.

शाळेत असताना मी हा भाग कित्येकदा शिकवला, पण नात घरात आल्यावर तो चेंडू मला दिसायला लागला. कुंती आता नातवंडांची आजी आहे. वैधव्य भोगलं, लाक्षागृहातून जीव वाचवला, सून भर सभेत ओढली गेली ते सोसलं. एवढं सगळं झाल्यावर दुःखाचं मूळ शोधायला ती जाते ती त्या अंगणात, चेंडूपाशी. कुंतिभोजाकडे तिला काय कमी होतं? राजवाड्यातून राजवाड्यात गेली. कुंतिभोज शूराचा आतेभाऊ, म्हणजे परकाही नव्हे. आळीतल्या बायकांनी तेव्हाही म्हटलं असतं, पोरीनं नशीब काढलं.

मग तिला खुपलं काय? महाभारत त्याचं कारण देतं. शूरानं निपुत्रिक कुंतिभोजाला शब्द दिला होता, की माझं पहिलं मूल तुला. शब्द दोघा मित्रांचा. त्यात मुलीच्या गरजेचा प्रश्नच नव्हता. तिला घर होतं, आईबाप होते. कुंतिभोजानंही पुढे काय केलं? कोपिष्ट दुर्वास मुक्कामाला आले तेव्हा त्यांच्या सेवेला या कोवळ्या पोरीला लावलं आणि बजावलं, की माझा शब्द खाली पडू देऊ नकोस. अतिथिसेवेचं पुण्य राजाचं आणि राबणं मुलीचं. त्या सेवेतूनच तो मंत्र मिळाला, मंत्रातून कर्ण जन्मला, आणि लेकाला पेटीत घालून नदीत सोडायची वेळ तिच्यावर आली. मूल मोठ्यांच्या हेतूसाठी इकडून तिकडे नेलं, की काय होतं याची यापेक्षा मोठी कथा मला माहीत नाही.

मुंबईच्या विमानतळावर बाहेर जाताना तपासणीच्या खिडकीशी आम्ही उभे होतो. जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश, केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचं ना-हरकत प्रमाणपत्र, हेग कराराप्रमाणे मिळालेला दाखला, नातीचा कोरा करकरीत भारतीय पासपोर्ट, सगळं जावयानं ओळीनं मांडलं. साहेब मराठी होते. त्यांनी कागद पाहिले, मग काचेआडून वाकून नातीला विचारलं, "बाळ, ही कोण तुझी?"

नात म्हणाली, "नवी मावशी."

संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्या बायकांना मुलं मावशीच म्हणतात. तिच्या जगात बाई म्हणजे मावशी, आणि ही त्यातली सर्वांत अलीकडची. साहेबांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी शांतपणे म्हणाली, "बरोबर सांगतेय ती. तिला अजून मावश्याच माहीत आहेत." त्यांनी आणखी एकदा आदेश वाचला आणि शिक्के मारले. मला मुलीचं त्या क्षणी फार कौतुक वाटलं. तिनं नातीला दटावलं नाही, "आई म्हण" असं शिकवून आणलं नव्हतं, आणि शिकवून आणायला हवं होतं असंही तिला वाटलं नाही. कागदावर ती आई झाली होती. नातीच्या लेखी ती अजून व्हायची होती, आणि त्याची घाई नातीवर लादायची नाही हे तिनं मनाशी ठरवलेलं होतं.

पंधरा-सोळा तासांचा तो प्रवास. नातीला खाऊ मिळाला की ती आधी मान वळवून बाकीची मुलं कुठे आहेत ते बघायची. कुणीच दिसेना तेव्हा बिस्किटाचा अर्धा तुकडा मुठीत धरून ठेवायची, तो विरघळून चिकट होईपर्यंत. संस्थेत मुलं एका सतरंजीवर ओळीनं झोपत. विमानात दिवे मंद केले तशी ती दोन्ही हात दोन्ही बाजूंना चाचपायला लागली. एक हात मुलीनं धरला, एक मी, तेव्हा कुठे झोपली. हे पाहून मला प्रकर्षानं जाणवलं, की आम्ही तिला रितेपणातून उचलून आणलेलं नाही. तिचं एक आयुष्य होतं, त्यात माणसं होती, रीत होती, वाटून खाण्याचा धर्म होता. आपण "बिचारीला काहीच नव्हतं" म्हणतो, तेव्हा त्या मावश्यांचं सगळं करणं पुसून टाकतो.

मध्यरात्री कधीतरी तिनं सीट ओली केली. जागी होऊन रडायला लागली, आणि तिच्या रडण्यात लाज कमी, धसका जास्त होता. मुलीनं तिला उचललं, त्या एवढ्याशा न्हाणीघरात नेऊन धुतलं, कपडे बदलले, सीटवर स्वतःची ओढणी घडी करून अंथरली, ओला फ्रॉक पिशवीत बांधला. तिचा तो घाईघाईनं चाललेला हात बघताना मला राधा आठवली.

राधेची गोष्ट कर्ण सांगतो, आणि योगायोग असा, की तीही कृष्णाच्या त्याच हस्तिनापूरच्या फेरीत. शिष्टाई फसली, कृष्ण परत निघाला, जाताना कर्णाला रथात घेतलं आणि त्याला त्याचं जन्मरहस्य सांगितलं. तू कुंतीचा मुलगा, ज्येष्ठ पांडव. चल, राज्य तुझं. त्यावर कर्ण काय उत्तर देतो? म्हणतो, हे मला ठाऊक आहे. पण कुंतीनं मला सोडलं, आणि सूत अधिरथानं मला पाहिलं, उचलून घरी नेलं. मायेनं राधेला तत्काळ पान्हा फुटला. तिनं माझं मलमूत्र काढलं. अधिरथानं माझे जातकर्मादी संस्कार केले, माझं नाव ठेवलं, माझी लग्नं लावली. आता सगळी पृथ्वी दिली, सोन्याच्या राशी दिल्या, तरी हे बंधन मी तोडणार नाही.

साम्राज्य समोर असताना योद्ध्याच्या तोंडी मलमूत्राचा उल्लेख यावा, हे मला व्यासांचं मोठेपण वाटतं. दुसरा कुणी कवी असता तर पान्ह्यापाशी थांबला असता. आणि ज्या पृथ्वीला देण्याचा अधिकार राजालाही नाही असं मीमांसक म्हणतात, तीच इथे कर्णाला देऊ केली जाते आणि तो ती नाकारतो.

आता हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. आई आणि मुलगा, दोघंही दुसऱ्यांच्या घरी वाढलेली. दोघंही आपली गोष्ट थोड्या दिवसांच्या अंतरानं एकाच माणसाला सांगतात. राजाच्या घरी गेलेली कुंती जन्मभर दुखावलेली राहिली, आणि नदीतून वाहत अंगदेशातल्या चंपानगरीपर्यंत पोचलेला, सूताच्या घरी वाढलेला कर्ण त्या घराविषयी कृतज्ञ राहिला. कर्णाला पुढे जो अपमान सोसावा लागला तो जगानं केला, राधेच्या घरानं नाही. ऐश्वर्यानं हा निकाल लागत नाही, हे उघड आहे. माझ्या मते निकाल लागतो तो एकाच प्रश्नावर, की मूल कुणासाठी घेतलं? कुंतिभोजाला अपत्य हवं होतं, शूराला शब्द पाळायचा होता. राधेलाही मूल नव्हतं, तिलाही ते हवंच होतं. पण पेटी उघडली तेव्हा आत एक भुकेलं बाळ होतं, आणि त्या बाळाची गरज आधी होती. आणखी एक गोष्ट. दोन्ही ठिकाणी निवाडा केला तो मोठ्या झालेल्या मुलानं. शूरानं आपण किती उदार आहोत ते सांगितलं असतं तर त्याला काय किंमत होती? हा निवाडा आईबापांना करता येत नाही, शेजाऱ्यांना तर नाहीच.

आपल्या जुन्या शास्त्रात दत्तक घेतला जायचा तो पिंडासाठी आणि वंशासाठी, म्हणजे मोठ्यांच्या गरजेपोटी. आधुनिक कायद्यानं हा क्रम उलटा केला, आणि मला तो उलटा क्रम अधिक धर्म्य वाटतो. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी परदेशी पाठवल्या जाणाऱ्या मुलांच्या हालांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं, आणि १९८४ च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती भगवतींनी आंतरदेशीय दत्तकाचे नियम घालून दिले. पुढे १९९३ साली हेग इथे करार झाला, भारत २००३ मध्ये त्यात सामील झाला. मुलाचं हित सर्वांत वर. आधी त्याच्या स्वतःच्या देशात घर शोधायचं, मग बाहेर. आणि या व्यवहारात कुणी गैर पैसा मिळवायचा नाही. मूल परदेशी गेल्यावरही दोन वर्षं त्याच्या खुशालीचे अहवाल भारतात पाठवावे लागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. माझ्या मुलीला सुरुवातीला हे खटकलं. "आई, आमच्यावर विश्वास नाही का?" मी तिला म्हटलं, "अगं, मालकाला कुणी अहवाल मागत नाही. रक्षकाला मागतात. मागू देत."

न्यूअर्कच्या विमानतळावर नात जावयाच्या खांद्यावर झोपली होती. आम्हाला आतल्या खोलीत बसवलं, कागद तपासले, आणि एका शिक्क्यासरशी ती अमेरिकेची नागरिक झाली. २००० साली तिथे झालेल्या कायद्यानं ही सोय केली आहे. हेग कराराप्रमाणे दत्तक झालेलं मूल नागरिक आईबापांबरोबर राहायला देशात शिरलं, की त्याच घडीला नागरिक होतं. शपथ नाही, अर्ज नाही. मला तो क्षण अवघड गेला. झोपेत कुणाचं राष्ट्रीयत्व बदलावं, आणि जिचं बदललं तिला उठवून सांगावं असंही कुणाला वाटू नये! पण थोड्या विचारानं मला ती सोयच योग्य वाटली, आणि त्याचं कारण आधीच्या मुलांचं जे झालं त्यात आहे. २००१ च्या फेब्रुवारीत हा कायदा अमलात आला तेव्हा ज्यांची अठरा वर्षं उलटली होती त्यांना तो लागू झाला नाही. आईबापांनी वेळेवर कागद केले नाहीत, म्हणून ही माणसं अमेरिकेत वाढूनही परकीच राहिली. लहानपणी मुंबईतून दत्तक गेलेली अशी एक स्त्री, दोन मुलांची आई, एका गुन्ह्यात शिक्षा झाल्यावर २००८ साली भारतात परत पाठवली गेली. इथे तिचं कुणी नव्हतं, इथली भाषा तिला येत नव्हती. गुन्हा असेल, शिक्षाही असेल. पण पोटच्या मुलाला आपण अशी शिक्षा देतो का? एका न भरलेल्या अर्जापायी तिचं सगळं घर गेलं.

राज्यसत्तेच्या एका नकारानं दत्तकाचं काय होतं हे सातारा जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. १८४८ साली कंपनी सरकारनं सातारच्या महाराजांचं दत्तक नाकारलं आणि आमचं राज्य खालसा केलं. पण सत्तेइतकाच समाजही नकार देतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत आपला केला, वाढवला. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेपुढे टिटवं कुणी धरायचं यावर भाऊबंदांनी वाद घातला, यशवंताचा हक्क नाकारला. सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हाती घेतलं आणि त्या पुढे चालू लागल्या. स्त्रीनं असं करणं तेव्हा अघटित होतं. आपण त्यांचं धैर्य सांगतो ते बाईमाणसाचं म्हणून. मला त्यात दत्तक मुलाच्या पाठीशी उभी राहिलेली आईही दिसते. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात मायलेकांनी मिळून रोग्यांची सेवा केली. त्यातच सावित्रीबाई गेल्या.

आता नशिबाचं. वनपर्वात कुंती कर्णाची पेटी अश्वनदीत सोडते. ती पेटी चर्मण्वतीत जाते, तिथून यमुनेत, तिथून गंगेत. काठावर उभी राहून कुंती बाळाच्या रक्षणासाठी देवतांना विनवते, आणि मग म्हणते, की जी तुला आपला मुलगा मानेल, जी तुला अंगाशी घेईल, तुला धुळीत रांगताना पाहील, तुझे बोबडे बोल ऐकेल, ती बाई धन्य. बाळ धन्य असं ती म्हणत नाही. माझ्या नातीला जन्म देणारी बाई कोण, कुठली, हे आम्हाला ठाऊक नाही. तिनं काय म्हटलं असेल तेही नाही. पण भाग्य कुणाचं याचा हिशोब कुंतीनं बरोबर केला, असं मला रोज वाटतं. मुलीकडे राहिले त्या दिवसांत नात सकाळी उठून माझ्या पांघरुणात शिरायची आणि तिच्या मराठवाडी बोलीत संस्थेतल्या कुणाकुणाच्या गोष्टी सांगायची. मला पुण्य मिळालं असेल नसेल, सुख मात्र मिळालं. दत्तक मुलाला "तू नशीबवान" म्हणणं म्हणजे त्याच्या डोक्यावर जन्मभराचं ऋण ठेवणं आहे. मग ते रुसू कसं शकेल, रागावेल कसं, आपली आधीची माणसं आठवून रडेल कसं? पोटच्या मुलाला आपण हा सगळा अधिकार देतो.

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. तुमच्या घरातून दत्तक मूल परदेशी जाणार असेल किंवा गेलं असेल, तर त्याचे कागद त्याचे म्हणून जपा. दत्तक आदेशाची प्रत, पहिला भारतीय पासपोर्ट, संस्थेतले फोटो, सांभाळणाऱ्या मावश्यांची नावं, आल्या दिवशी अंगावर असलेले कपडे, यातलं काही फेकू नका. नव्या देशाच्या नागरिकत्वाचा दाखला हाती येईपर्यंत स्वस्थ बसू नका; मूल लहान आहे, बघू पुढे, असं म्हणून चालत नाही. त्याची गोष्ट त्याला समजेल तशी पहिल्यापासून खरी सांगा. आपल्या मुळांचा शोध घ्यायचा अधिकार आपल्या नियमांनी दत्तक मुलाला दिला आहे. अठरा वर्षं पुरी झाली की त्याला स्वतःला अर्ज करता येतो, त्याआधी आईवडिलांसोबत. तो अर्ज त्यानं कधी केला, तर त्याच्याबरोबर जा. आणि ज्या घरांत हे कागद माळ्यावर पडले असतील, त्यांनी ते या आठवड्यातच खाली काढावेत.